नव्या बुशांची कुरकुर

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक. रोजचा फेरा जुळे सोलापूर ते अक्कलकोट आणि परत. वही मुळात डिझेलचा हिशेब लिहायला घातली होती. मागच्या पानांवरून गाडीच्या आवाजाच्या नोंदी सुरू झाल्या आणि हिशेबापर्यंत येऊन भिडल्या.

२ मार्च, रविवार. मीटर १,०८,४२०

पुढचं सगळं सस्पेन्शन बदलून आणलं. दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, त्यांची वरची माउंटिंग आणि बेअरिंग, दोन्ही लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे; बुश, म्हणजे जोडातलं रबर, आणि बॉल जॉइंट त्यातच बसवलेले येतात), दोन्ही लिंक रॉड, बॅलन्स रॉडचे (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) दोन डी-बुश. डावा शॉक गळत होता, उजव्या आर्मचा बुश फाटून रबर बाहेर लोंबत होतं. बाकीचं चालण्यासारखं होतं, पण उस्ताद म्हणाले, "एकेक करत बसलात तर मजुरी चारदा द्याल मॅडम." पटलं.

येताना मुद्दाम सात रस्त्यावरून लांबून आले. खड्ड्यातही स्टिअरिंग हातात स्थिर. बिल पाकिटात घालून कपाटात ठेवलंय, या महिन्यात काढायचं नाही.

४ मार्च

गल्लीच्या तोंडाशी ब्रेकर आहे. पुढची चाकं चढताना काही नाही, उतरताना 'कुईं'. एकदाच. वाटलं कुत्र्याचं पिल्लू असेल, खाली उतरून बघितलंही. संध्याकाळी परतताना मात्र प्रत्येक ब्रेकरला पिल्लू सोबत.

९ मार्च, रविवार. मीटर १,०८,८७५

आता दोन सुरांत. ब्रेकरवरून हळू उतरलं की 'कुईं', आणि घरासमोर गाडी मागे घेताना, उतारावर, लांबट 'कर्रर्र', झोपाळ्याची कडी वाजते तसा.

गॅरेजला गेले. उस्तादांनी बॉनेटचा कोपरा दोन हातांनी चारदा दाबला, आवाज आला, ते समाधानाने हसले. "नवीन रबर हाय ओ मॅडम, बोलणारच की. पाचशे किलोमीटर चालवा, बसतंय." मी म्हटलं, साडेचारशे झाले. तोवर पोऱ्याने गाडीखाली जाऊन पिवळं ग्रीस दिसेल तिथे थापलं आणि वरून जळक्या ऑइलचा फवारा मारला. आवाज त्याच क्षणी बंद. पैसे घेतले नाहीत.

घरी येईपर्यंत मीही खूश होते, हे लिहून ठेवते.

१३ मार्च

आवाज परत, आणि जरा मोठा. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, चक्कर मारून आण.

अप्पा पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात तेहतीस वर्षं जॉबर (माग दुरुस्त करून चालते ठेवणारा) होते. चोवीस माग एकदम चालू असताना कुठल्या मागाचा धोटा नीट बसत नाही हे दारातून सांगायचे, असं त्यांचे सोबती सांगतात. स्वतः ते सांगत नाहीत. शेजारच्या सीटवर काच खाली करून बसले, तीन ब्रेकर डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "डावीकडनं. आणि त्या पोऱ्यानं ग्रीस कशाला मारलं? रबराला तेल चालत नाही."

घरी येऊन बघितलं, वाचलं. खरं आहे. बुशचं रबर बहुतेक नैसर्गिक रबराचं असतं. पेट्रोलियमचं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल ते शोषून घेतं, फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी भुसभुशीत होतं. आवाज बंद होतो तो दोन-तीन दिवस. मग तेलावर धूळ बसते, त्याची घासणारी लेई होते आणि आवाज दुप्पट. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवाले खालून डिझेलचा फवारा मारून देतात आणि लोक त्यासाठी वर पैसे देतात. तो पाट्यांच्या स्प्रिंगच्या ट्रकमधला रिवाज आहे. तिथे लोखंडावर लोखंड घासतं, म्हणून चालतं.

साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने, निघेल तेवढं ग्रीस काढलं. पाणी चार दिवसांनी आलेलं, त्यात अर्धी बादली गाडीच्या पोटाखाली गेली म्हणून आईचं बोलणं खाल्लं.

१६ मार्च, रविवार

आज गाडीखाली जायचं नाही, फक्त ऐकायचं असं ठरवलं. मावसभावाला बोलावलं. तो कोपरा दाबणार, मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका जागी टेकवून मूठ कानाला लावणार. डॉक्टरच्या नळीसारखं काम होतं. ज्या जोडाला आवाज आहे तिथे मुठीतून तो थेट कानात घुसतो, बाकी ठिकाणी लांबून येतो. गाडी जागेवर, इंजिन बंद, मागच्या चाकांना विटा.

संशयातून काय काय सुटलं:

शॉकचं माउंटिंग. इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मी स्प्रिंगवर बोटं ठेवून. बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पिळली जाते आणि 'टंग' करून सुटते, बोटांना झटका कळतो. काही नाही, गुळगुळीत. आवाजही फिरवताना येत नाही, फक्त वर-खाली होताना येतो.

ब्रेक. चाकाच्या वेगाबरोबर वाजत नाही, ब्रेकला पाय लावला तरी बदलत नाही. सुटला.

बॉल जॉइंट. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर शांत.

लिंक रॉड. शांत, पण त्याच्या खालच्या टोकाजवळ बॅलन्स रॉडवर मूठ ठेवली तर 'कुईं' मोठा. आर्मच्या पुढच्या बुशपाशी 'कर्रर्र' मोठा.

भाऊ कोपरा दाबून दाबून घामाघूम. "का बे, एवढ्यात मी चादरीची गाठोडी उतरवली असती," म्हणाला. त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली, दह्यात कालवून, मग बोलणं थांबलं.

२१ मार्च

नवीन 'टिकटिक' मागून. अर्धा तास गेला. डिकीतली जॅकची दांडी होती, फडक्यात गुंडाळली. शोधायला लागलं की सगळंच वाजायला लागतं.

२३ मार्च, रविवार. मीटर १,०९,६१०

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

काचा पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी भरलं. एका वेळी एकच जागा भिजवायची, कोपरा दहादा दाबायचा, लिहायचं, मग पुढची जागा. घाई करून दोन जागा एकदम भिजवल्या तर सकाळ फुकट.

आर्मचा पुढचा बुश, उजवा, भिजवला: दोन्ही आवाज तसेच.
आर्मचा मागचा बुश: तसेच.
बॅलन्स रॉडचा डावा डी-बुश: तसेच. अप्पा दारातून बघत होते, काही बोलले नाहीत.
उजवा डी-बुश: 'कुईं' गायब. पंचवीसदा दाबलं, नाही आला. 'कर्रर्र' मात्र आपल्या जागी.

म्हणजे आवाज दोन, कारणंही दोन. आणि पाण्याने ती वेगळी करून दिली. कसं, ते स्वतःसाठी लिहून ठेवते.

डी-बुश हा रबराचा ठोकळा आहे, बॅलन्स रॉड त्याच्या भोकातून जातो आणि वरून पट्टी दाबून बसते. माझ्या गाडीत रॉड त्या रबराला चिकटवलेला नाही. चाक वर-खाली झालं की रॉड थोडा पिळतो आणि रबरावर घसरतो. घसरायला कोरडं असेल, तर अडकतो-सुटतो-अडकतो, तो 'कुईं'. पाण्याने घसरणं सोपं झालं, आवाज गेला.

आर्मचा बुश निराळा. आत पोलादी नळी, बाहेर पोलादी कडं, मधे रबर, आणि रबर दोघांनाही तापवून कायमचं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला पक्की बसते, ती फिरत नाही. बाहेरचं कडं आर्मबरोबर फिरतं. मधलं रबर पीळ खातं आणि परत येतं. हा दरवाजाचा बिजागर नव्हे, इथे काहीच घसरत नाही आणि घसरायलाही नको. म्हणून पाण्याचा काही उपयोग नाही, ग्रीसचा तर नाहीच. इथे आवाज येत असेल, तर रबर नको तेवढं पिळलं जातंय.

पण नवं रबर कशाने पिळलं?

अप्पांना विचारलं. आधी म्हणाले, "उजवीकडनं होता तर." एवढंच. गाडीच्या पत्र्यातून आवाज इकडून तिकडे जातो, आत बसून बाजू सांगता येत नाही, असं मी म्हटलं, ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. मग म्हणाले, "मागात नवा पार्ट घातला की पहिल्या पाळीला ओरडतो. दुसऱ्या पाळीलाही ओरडला की आम्ही पार्टकडे बघत नव्हतो, बसवणाऱ्याकडे बघत होतो."

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर तासभर. अप्पांनी सणाच्या दिवशी गाडीखाली जायचं नाही म्हणून सांगितलं आणि स्वतःच व्हर्नियर (जाडी, भोक मोजायची पट्टी) घेऊन आले.

दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बॅलन्स रॉडपासून सोडवले, नट डब्यात, टोकं तारेने बांधून ठेवली. असं केलं की बॅलन्स रॉडला काम उरत नाही. गल्लीत दोन चकरा, अगदी हळू, कारण वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते आणि या अवस्थेत मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही. 'कुईं' शून्य. 'कर्रर्र' आहे. पाण्याचा निकाल पक्का झाला.

मग पट्ट्या काढून डी-बुश हातात घेतले. बॅलन्स रॉडवरची माती पुसून अप्पांनी तीन जागी मोजलं: २२ मिलिमीटर, फार तर रंगाच्या थराने केसभर जास्त. नव्या बुशचं भोक: २०.५. जुना बुश मी टाकला नव्हता. झिजलेला, तरी भोक २२ च्या वर. म्हणजे दुकानातून आला तो दुसऱ्या प्रकाराचा बुश. एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना बॅलन्स रॉड वेगळ्या जाडीचा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं आणि काउंटरवर कुणी विचारलं नाही. पट्टी आवळून तो बसला, पण रॉडला असा धरून की सहज घसरायला जागाच नाही. भोकाच्या आतल्या बाजूला एक चकचकीत पट्टा उमटलाय, आरशासारखा. तिथेच तो ओरडत होता.

शिवाय पोऱ्याचं ग्रीस लागलेली कड बोटाने दाबली तर दुसऱ्या कडेपेक्षा मऊ लागते. तीन आठवड्यांत.

५ एप्रिल, शनिवार

गाडीचा चासी नंबर दाखवून बुश आणले. २२ चे आहेत का म्हणून काउंटरवरच व्हर्नियर काढलं, तेव्हा मागच्या रांगेत हशा झाला. होऊ दे.

बसवताना: रॉड कोऱ्या फडक्याने पुसला, भोकात सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. हे ग्रीस ब्रेकच्या स्लाइड पिनला लावतात तेच, छोटी ट्यूब मिळते, रबराला खात नाही. बुशची चीर जुन्याची होती त्याच दिशेला. पट्टीचे बोल्ट दोन्हीकडे थोडे थोडे करत आवळले. लिंक रॉड जागेवर.

'कुईं' गेला. घरापासून विजापूर रोड, कंबर तलावाला वळसा, परत. सगळे ब्रेकर जणू नवीन भेटले.

६ एप्रिल, रविवार. मीटर १,१०,१४०

उरला 'कर्रर्र'. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लोअर आर्मच्या पानावर तळाशी एक ओळ आहे, जिच्यावरून माझी नजर दोनदा घसरली होती: बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी असावी, रिकामी.

मग आठवलं. २ मार्चला मी गॅरेजमध्येच स्टुलावर बसले होते. गाडी लिफ्टवर, चाकं काढलेली, आर्म खाली लोंबत. पोऱ्याने त्याच अवस्थेत चारही बोल्ट दातओठ खाऊन आवळले होते आणि मला वाटलं होतं, किती मन लावून करतोय.

हिशेब केला. चाक लोंबतं तेव्हा आर्मचं टोक साधारण ८५ मिलिमीटर खाली असतं. आर्मची लांबी बुशपासून बॉल जॉइंटपर्यंत ३५० च्या आसपास. कोन निघतो १४ अंश. म्हणजे आवळला त्या क्षणी रबराच्या मते 'सरळ' म्हणजे लोंबलेलं. गाडी जमिनीवर उतरली की रबर तिथूनच १४ अंश पिळून बसलं. सिग्नलला उभी असताना पिळलेलं, रात्री घरापुढे पिळलेलं. ब्रेकर आला की त्यात आणखी भर. असा बुश वाजतोच, आणि एरवी वर्षानुवर्षं टिकेल तो लवकर फाटतो. उजव्या आर्मचा जुना बुश फाटला होता तोही मागे एकदा असाच बसवला असेल का, हा विचार आला. उत्तर मिळायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार

हे काम घरी होत नाही. चाकं जमिनीवर हवीत आणि माणूस खाली हवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मी जात नाही, कुणी जाऊही नये. उस्तादांकडे जुना खड्डा आहे, लिफ्ट आल्यापासून त्यात टायर पडलेत. गाडी खड्ड्यावर घ्यायची, चारही बोल्ट ढिले करायचे, गाडी हलवायची, परत आवळायचे, असं सांगितलं.

"आवळलेलं ढिलं करून परत आवळायचं? त्यानं काय होतंय ओ?"

मी म्हटलं, उस्ताद, नाही झालं तर मजुरी दुप्पट. टायर निघाले.

खड्ड्यात मीही उतरले, टॉर्च धरायला. घरून नेलपेंटची बाटली आणली होती, पांढरी. उजव्या आर्मच्या पुढच्या बुशपाशी, आतल्या नळीची जी कड दिसते तिच्यावरून शेजारच्या ब्रॅकेटवर एक सरळ रेघ ओढली. वाळू दिली. उस्तादांनी नटाला गोटी पाना लावून झटका दिला. पहिल्या दोन झटक्यांना काही नाही. तिसऱ्याला नट अर्धा आटा फिरला आणि आर्ममध्ये 'टक्' झालं, हाताला जाणवेल असं. टॉर्च मारली. रेघ तुटली होती. नळीवरचा तुकडा ब्रॅकेटवरच्या तुकड्यापासून सरकून बाजूला, मी पट्टी लावली, जेमतेम अडीच मिलिमीटर. नळीचा व्यास २१, म्हणजे हिशेबातले १४ अंश बरोबर निघाले. उस्तादांनी टॉर्च माझ्या हातातून घेतली, स्वतः जवळ जाऊन बघितलं. मग बोट फिरवून बघितलं. मग डाव्या बाजूला मला न विचारता नेलपेंट लावलं.

डावीकडेही तेच.

चारही बोल्ट ढिले ठेवून पोऱ्याने बॉनेट आठ-दहा वेळा दाबून सोडलं, गाडी वीतभर पुढे-मागे ढकलली, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसेल. मग आवळलं. टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की वाजणारा पाना) मावसभावाच्या कंपनीतून एका दिवसापुरता आणला होता. आकडा इथे लिहीत नाही, तो गाडीप्रमाणे बदलतो आणि कुणीतरी माझाच आकडा आपल्या गाडीला लावेल. उस्ताद आधी हाताने आवळत होते, मग रेंचचा 'कट' ऐकून थांबले. त्यांचा हात दोन बोल्टांना बरोबर निघाला, दोनांना बराच जास्त.

मजुरी घेईनात. अर्धी दिली.

१४ एप्रिल

सुट्टी. शहरात मिरवणुकांमुळे गाडी काढायचा प्रश्नच नाही. घरापुढे कोपरा दाबून बघितला. शांत.

१९ एप्रिल. मीटर १,१०,७०५

व्हील अलाइनमेंट करून घेतलं, पुढचं इतकं काही सोडलं-बसवलं की ते करायचंच. आठवडाभर अक्कलकोट फेरा, एकही आवाज नाही. पुढून गाडी किंचित खाली बसल्यासारखी वाटते. वाटत नाही, आहे: चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत आज मोजलं तर मार्चमध्ये घेतलेल्या मापापेक्षा ४ मिलिमीटर कमी. पिळलेले बुश गाडीला उचलून धरत होते तर.

४ मे, रविवार. मीटर १,११,५६०

दुपारी गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही असं ऊन. गाडी शांत. डॅशबोर्ड मात्र उन्हात कुरकुरतो, तो प्लॅस्टिकचा आवाज, त्याला हात लावणार नाही.

उस्तादांकडून फोन होता, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब कुठे मिळाली विचारायला.

अप्पांनी ते दोन चुकीचे डी-बुश आणि दोन जुने, असे चार मागून घेतले. हॉलमधल्या कूलरच्या चार पायांखाली ठेवले. कूलर रात्री फरशीवर घुमायचा, आता घुमत नाही. पण जुने दोन बुश झिजलेले, त्यामुळे कूलर एका बाजूला कलतो आणि पाणी तिकडच्या जाळीतून ठिबकतं. त्याखाली आज पुठ्ठा घातलाय.